पाठ लागली की संपलं

गडमुडशिंगीच्या बसलिंगाप्पांचा पोरगा संगमेश याला एकच खोड होती, आणि त्या एका खोडीनं अख्ख्या कोल्हापूरचं डोकं फिरवलं होतं. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये त्याच्यासमोर उभं राहणं ही चेष्टा नव्हती. डावा हात असा सुटायचा की ठोसा बसल्यावरच समोरच्याला कळायचं. पण कधी त्याचा पाय घसरला, धक्का लागला आणि पाठ खाली टेकली, की गडी तिथंच पडून राहायचा. बेशुद्ध नाही, कुठं लागलेलं नाही. डोळे टक्क उघडे. गडी उठत नाही म्हणून पंच आकडे मोजायचा आणि हा छताच्या दिव्यांकडे बघत निवांत ऐकून घ्यायचा. दहा झाले की उठायचा, समोरच्याला मिठी मारायचा, त्याचा हात आपल्याच हातानं वर करायचा आणि खाली उतरायचा.

पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय हा खिलाडूपणा, म्हणाले. दुसऱ्यांदा डोकी खाजवली. तिसऱ्यांदा शिट्ट्या मारल्या. कोल्हापुरात पायजम्याची नाडी बांधताना ज्याला धाप लागते तोही पैलवानाला डाव शिकवतो, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं करणी केलीय, कुणी म्हणालं कानात दोष आहे, कुणी म्हणालं शाकाहारी माणसानं या भानगडीत पडूच नये. राज्यभरातल्या बॉक्सरांना मात्र त्याची ही खोड पाठ झाली होती. संगमेशला ठोसा मारून हरवायचं नसतं, नुसतं पाडायचं असतं, एवढं त्यांना पुरत होतं.

या सगळ्याचा खरा त्रास कुणाला होत असेल तर त्याच्या थोरल्या बहिणीला, रक्षिताला. ती गारगोटीच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. त्यांची आई, अव्वा, गेल्यावर संगूला तिनंच वाढवलं, आणि बॉक्सिंगला घातलं तेही तिनंच. बसलिंगाप्पा एके काळचे नावाजलेले पैलवान, पण पोराला त्यांनी तांबड्या मातीत पाऊल टाकू दिलं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. तेव्हा रक्षिता म्हणाली होती, "कुस्ती नको म्हणालाय न्हवं? ही कुस्ती न्हाई." आणि भावाला स्कूटरवर मागं बसवून ती उद्यमनगरात विश्वजित सरांकडे घेऊन गेली होती. एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडमध्ये सर पोरांना बॉक्सिंग शिकवायचे.

संगूची खोड कुठून आली हे अप्पांखेरीज जगात फक्त तिला माहीत होतं. तो लहान असताना गल्लीत पोरांची मारामारी झाली. एका दांडग्या पोरानं त्याला उताणा पाडला आणि निघून चालला. संगू उठला तो हातात दगड घेऊनच. दगड सुटायच्या आत अप्पांनी त्याचं मनगट धरलं. शिवी नाही, चापट नाही. त्याला अंगणात आणून उताणा निजवला, छातीवर आपला पंजा ठेवला आणि म्हणाले, "तुझी पाठ लागली. पाठ लागली की संपलं. संपलं म्हण." पोरगं रडत होतं, लाथा झाडत होतं. ऊन डोक्यावरून कलायला लागलं तरी अप्पांचा हात निघाला नाही. शेवटी संगू हळू आवाजात "संपलं" म्हणाला तेव्हा कुठं त्यांनी हात काढला. रक्षिता स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. अप्पांचा तिला तेव्हा जो राग आला तो पुढं कधी पुरता गेलाच नाही.

पैलवानी ताठा, दुसरं काय! पाठ टेकल्यावर पुन्हा भिडणं म्हणजे बेशरमपणा, हे त्यांच्या मातीत ठीक होतं. इथं मातीच नव्हती, आणि पाठ टेकल्यानं कुणी हरतही नव्हतं. मोजणी संपायच्या आत उठायचं, इतकंच. ते इतकंच तेवढं त्या पोराला जमत नव्हतं.

"आगं, हात देवानं दिलाय त्याला," विश्वजित सर म्हणायचे. "पर वर डोस्कं कुणाचं बसवलंय, त्ये मला कळंना."

यंदा तर पाणी गळ्याशी आलं होतं. निवड चाचणी कोल्हापुरातच होणार होती. जिंकला तर राज्याच्या संघात आणि त्याच्या आधारानं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. हरला तर वय निघून जाणार. मग कुठल्या तरी कारखान्याच्या गेटवर रखवालदार होऊन बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बोट दाखवायचं, हाच तो पडून राहणारा. रक्षिताला ते चित्र डोळ्यांसमोर आलं की जेवण जायचं नाही.

चाचणीच्या आधी दोन गोष्टी घडल्या. तिनं त्यांच्याकडं नीट बघायला हवं होतं.

पहिली सरांच्या शेडमध्ये. संगू टांगलेल्या बॅगेवर ठोसे मारत होता आणि साखळीचा आकडा तुटून बॅग धाडकन खाली आली. पोरं हसली. संगू हसला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि खाली पडलेल्या बॅगेवर हाणत राहिला. एक डावा, एक उजवा, अगदी शांतपणे. हळूहळू पोरांचं हसू थांबलं. त्याच्या हातावरच्या पट्ट्या लाल व्हायला लागल्या तरी सरांना पुढं जायचा धीर होईना. शेवटी रक्षिताच जवळ जाऊन म्हणाली, "संगू, पडलंय त्ये." तसा तो थांबला. झोपेतून उठल्यासारखं तिच्याकडं बघितलं आणि हातावर फुंकर घालत विचारलं, "अक्का, च्या हाय का गं?"

सर पुटपुटले, "ह्ये रिंगमधी निघालं तर सोनं हुईल." रक्षितालाही तसंच वाटलं.

दुसरी गोष्ट पेठ वडगावात. दरवर्षी उन्हाळ्यात अप्पा गुळाची एक ढेप घेऊन वडगावला कुणाकडे तरी जायचे. एकटे जायचे आणि परत आल्यावर दिवसभर बोलायचे नाहीत. यंदा गुडघा धरला होता म्हणून तिनं त्यांना स्कूटरवरून नेलं. घर साधंच होतं. सोप्यात खाटेवर एक माणूस उताणा पडला होता. मान अजून पैलवानाची, कान मोडलेले, पण पांघरुणाखाली अंग असं नव्हतंच. चादर सपाट दिसत होती.

"आलास व्हय बसल्या?" त्या माणसानं डोकं न हलवता विचारलं.

"आलो की, गणपा."

अप्पा त्याच्या पायथ्याशी बसले आणि त्याचे पाय चेपू लागले. त्या पायांना काही कळत नसणार हे रक्षिताला दिसत होतं. तरी ते चेपत राहिले. तिला तिथं बसवेना, म्हणून ती चहाच्या निमित्तानं आत गेली. गणपती पैलवानांची बायको विठाबाई चुलीपाशी होती. रक्षिताचा चेहरा बघून तिनं ओळखलं.

"तुला सांगितलं न्हाई जनू बापानं."

"न्हाई."

"जत्रंचं मैदान हुतं. ह्यांनी तुझ्या बापाला आस्मान दाखवलं. पंचानं कुस्ती सोडवली. ह्ये पाठ फिरवून लोकांस्नी हात दाखवत निघालंतं." विठाबाईनं आधणात पत्ती टाकली. "आन् तुझा बाप उठला. मागनं उचललं आन् मानंवर टाकलं."

"मग?"

"मग काय? त्या दिसापस्नं ह्यांची पाठ खालीच हाय."

काहीतरी बोलायचं म्हणून रक्षितानं विचारलं, "तुमी राग न्हाई धरला?"

"धरला की. अजून हाय. गूळ ठिवून घेती म्हणून राग गेला असं न्हवं."

निघताना गणपती पैलवानांनी तिला जवळ बोलावलं. "तुझा भाऊ पडला की पडून ऱ्हातो म्हणं."

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले आणि पुन्हा आढ्याकडं बघायला लागले.

परतीच्या वाटेवर तिनं एका झाडाखाली स्कूटर थांबवली. अप्पा खाली उतरून दगडावर बसले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मनात साठलेलं सगळं बोलून गेली. तुमच्या पापाची शिक्षा त्याला का? त्यानं कुणाचं काय वाकडं केलंय? मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारं पोरगं ते. उद्या चाचणीला तुम्ही या आणि त्याला एकदाच सांगा, पडलास तर उठ. तुमच्या तोंडून ऐकलं तर तो उठेल.

"माझ्या त्वांडातनं त्यो शबुद निघायचा न्हाई," अप्पा म्हणाले.

"पर का?"

"त्या दिशी त्याच्या हातात धोंडा बघितला, तवा मला माझंच त्वांड दिसलं पोरी. त्याच्यात त्ये अजून हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. बघायचंबी न्हाई."

"ठावं न्हाई म्हणून जलमभर पोराला निजवून ठेवणार?"

अप्पांनी धोतराचा सोगा सावरला आणि मुकाट्यानं स्कूटरवर बसले. रक्षिताला वाटलं आपण जिंकलो. म्हातारा स्वतःला भितो आणि त्याचा भुर्दंड पोरानं भरायचा, हे तिला काही केल्या पटेना. खरं सांगायचं तर तिची चूक होती असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकणार नाही. तिच्या जागी असतो तर आपणही तसंच म्हटलं असतं.

चाचणीच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. अर्धे लोक कुस्ती बघणारे होते. पडल्यावर हा उठतो का नाही, एवढीच त्यांची पैज होती. संगूची अंतिम लढत पुण्याच्या राजवीरशी होती. उंचापुरा, गोरागोमटा, कॅमेरा दिसला की हसणारा पोरगा. रिंगमध्ये चढण्याआधी संगूनं गळ्यातली शिवलिंगाची चांदीची डबी काढून नेहमीसारखी रक्षिताच्या हातात दिली. लढत संपली की पहिल्यांदा ती तो परत मागून घ्यायचा.

"अप्पा आलं न्हाईत?"

"गुडघा दुखतोय त्यांचा."

"बरं," तो म्हणाला, आणि दोऱ्या वाकवून आत गेला.

पहिली फेरी म्हणजे एकतर्फी कारभार होता. राजवीरचं नाक फुटलं, हसू गेलं. लोक उभे राहिले. सर खुर्चीवर बसल्या बसल्याच ठोसे मारत होते. दुसऱ्या फेरीत राजवीरनं ओळखलं की असं आपलं काही चालायचं नाही. तो संगूच्या अंगाला बिलगला, खांद्यानं रेटलं, आणि घामानं ओल्या झालेल्या जागेवर संगूचा पाय सरकला. पाठ खाली टेकली.

हॉलमधून एकच "गेलाऽऽ" निघालं. पंचानं राजवीरला कोपऱ्यात पाठवलं आणि मोजायला सुरुवात केली. संगू पडून होता. डोळे उघडे, दिव्यांकडं. राजवीरला तर खात्रीच होती. कोपऱ्यात जाऊन त्यानं पाठ फिरवली आणि दोरीवरून लोकांना हात दाखवायला लागला. त्याच्या गावची पोरं त्याच्या नावानं ओरडत होती.

रक्षिता रिंगच्या अगदी कडेला होती. संगूचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. कपाळावर ओरखडासुद्धा नव्हता. तीन. चार. तिला कारखान्याचं गेट दिसलं. अंगणातल्या उन्हात लाथा झाडणारं पोरगं दिसलं. पाच. तिचा स्वतःवर ताबा राहिला नाही.

"संगू! अप्पांनी सांगितलंय! उठ म्हणालेत अप्पा!"

इतक्या वर्षांत पडल्यावर त्यानं कधी मान वळवली नव्हती. आज वळवली. "अप्पा म्हणाले?" त्याचे नुसते ओठ हलले.

"व्हय! उठ!"

तो उठला. एका हाताचा टेकासुद्धा घेतला नाही. हॉलचं छप्पर उडेल असा गलका झाला, विश्वजित सर भर सभेत रडायला लागले, आणि रक्षिताला इतका आनंद झाला की तिनं डबी धरलेली मूठ छातीशी घट्ट दाबून धरली. आपण पोराला सोडवलं, हेच तिच्या मनात होतं.

मग तिनं त्याचे डोळे बघितले. पंच आठ म्हणाला, त्याच्या हातमोज्यांना धरून काहीतरी विचारू लागला. संगू त्याच्याकडं बघतच नव्हता. पंचाच्या खांद्यावरून तो पलीकडच्या कोपऱ्यात बघत होता. तिथं राजवीर अजून पाठ फिरवून उभा होता. गलका झाला तो आपल्यासाठीच, असं समजून त्यानं दोन्ही हात वर केले होते. "ह्ये पाठ फिरवून लोकांस्नी हात दाखवत निघालंतं." विठाबाईचा आवाज रक्षिताच्या कानात एवढा स्पष्ट आला की तिनं मागं वळून बघितलं.

"संगू, थांब!" ती ओरडली. त्या गलक्यात तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

पंचानं लढत सुरू करायची खूण केली नव्हती. संगू त्याला बाजूला सारून गेला. रागानं नाही, दारातला माणूस बाजूला करावा तसा. पहिला ठोसा राजवीरच्या मानेवर मागून बसला. तो वळलाच नाही, दोरीवर आदळून उताणा खाली आला. संगू त्याच्या छातीवर गुडघे टेकून बसला आणि हाणत राहिला. एक डावा, एक उजवा, शांतपणे. हॉलमधलं ओरडणं कापल्यासारखं बंद झालं. पंच त्याच्या पाठीवर पडला, सर आत धावले, आणखी दोघं-तिघं आले. कुणालाच तो ओढून निघेना.

रक्षिता दोऱ्यांतून आत शिरली. "संगू! पडलाय त्यो! संगू, पडलाय!"

तसा तो थांबला. लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं. राजवीर उताणा पडला होता. नाक-तोंड ओळखू येत नव्हतं, पण डोळे उघडे होते. डॉक्टर त्याच्या डोक्याशी वाकले आणि कुणीही हात लावू नका म्हणून ओरडले.

संगू रक्षितासमोर उभा राहिला. चेहरा धुतल्यासारखा निवळ होता. परीक्षेत पास झालेलं पोरगं घरी येऊन उभं राहतं तसा तो तिच्याकडं बघत होता.

"उठलो बघ अक्का," तो म्हणाला. "फुडं काय करायला सांगितलंय अप्पांनी?"

तिनं केलेली चूक आता कशानंही पुसली जाणार नव्हती, आणि हे पोर अजून तिच्याच तोंडाकडं बघत होतं. सांगायला तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. एकच गोष्ट तिनं लहानपणी दारातून बघितली होती. तिनं त्याच्या छातीवर पंजा ठेवला आणि हलकेच रेटलं. तो जराही अडला नाही. पाठ टेकून सरळ झाला. ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. तिचा हात त्याच्या छातीवर तसाच होता.

"संपलं म्हण, संगू."

"संपलं," तो म्हणाला, आणि दिव्यांकडं बघू लागला.

शेजारी राजवीरही दिव्यांकडंच बघत होता. डॉक्टर त्याला पुन्हा पुन्हा पाय हलवायला सांगत होते.